खलबत्त्याचे ठोके

आमच्या तळेगावच्या घरात मी बारावीच्या वर्षानंतर कधी खलबत्ता हातात धरला नाही, आणि याचं कारण आईला शेवटपर्यंत कळलं नाही. माहेरी गेले की ती मिरच्या आणि लसूण काढून माझ्यापुढे ठेवायची आणि मी काहीतरी निमित्त काढून उठायची. "वर्ध्यात राहून साहेबीण झाली हे पोट्टी," ती बाबांना सांगायची, "मिक्सरात ठेचा करते. थो का ठेचा हाय? मिरचीचं पाणी हाय थे." बाबा हसायचे, मीही हसायची. मी मुळात कमी बोलणारी, आणि न बोलण्याचा दोष स्वभावावर ढकलता येतो हे मला फार लवकर उमगलं होतं. यंदा आमच्या ऑफिसात ताण कमी करण्याचं शिबिर झालं. नागपूरहून आलेल्या एका तरुण मुलानं पडद्यावर मेंदूची लाल-पिवळी चित्रं दाखवली आणि सांगितलं की सावकाश, लक्ष देऊन केलेली हालचाल विचार करण्याची रीतच बदलून टाकते. मग टेबलं भिंतीला लावून त्यानं आम्हा सगळ्या कारकुनांना उभं केलं. "पाय उचला... पुढे न्या... ठेवा." बाकीचे एकमेकांकडे बघून हसत होते. ते तीन शब्द मी याआधी ऐकले होते, आमच्याच अंगणात. मी पाणी प्यायला म्हणून बाहेर गेले ती परत आत गेलेच नाही. हे लिहायला बसले त्याचं कारण तेवढंच.

बाबा एस.टी.चे ड्रायव्हर होते. घर हायवेला लागून, त्यामुळे आमचं सगळं लहानपण गाड्यांच्या आवाजात गेलं. बाबा जेवताना कान बाहेर ठेवून असायचे. भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणायचे, "हे आर्वीची गाडी. गिअर पाह्य कसा टाकून राह्यला गधा." आई सोलेवांग्याची भाजी वाढत म्हणायची, "तुम्ही भाजीकडं पाहा, गाडी जाईन आपली आपली." त्यांचा उजवा पाय तर घरातसुद्धा नोकरीवर असायचा. मी अंगणात सायकल जोरात आणली की बाजेवर बसलेल्या बाबांचा पाय जमिनीवर दाबला जायचा. कोणी अपघाताची गोष्ट सांगू लागलं की नेमक्या जागी पाय दाबला जायचा. मला ते बघायला फार आवडे. जगात कुठेही काही आदळणार असेल तर आमचे बाबा इथून ब्रेक मारतील, असं मला खरंच वाटायचं.

आणि त्याच पायात एका सकाळी बूट जाईना. बाबा ओट्यावर बसून बुटाकडे बघत होते, जसं काही तो बूट दुसऱ्या कोणाचा आहे. "बेबी," ते मला म्हणाले, "हा पाय पाह्य बरं जरा." तोंड एका बाजूला ओढल्यासारखं झालं होतं. लकव्याचा हलका झटका, असं दवाखान्यात सांगितलं. तोंड सरळ झालं, बोलणं परत आलं, हातही आला. पाय मात्र पूर्ण आला नाही. बघणाऱ्याला काही दिसायचं नाही, चालायचे ते नीट. पण चटकन करायचं काही आलं की पाय मागे राहायचा. बाबांनीच त्याला शब्द शोधला होता. "पायाले खबर उशिरा भेटते," ते म्हणायचे. डेपोतून निरोप आला की काही महिन्यांनी तपासणी होईल, पास झाले तर स्टिअरिंग, नाहीतर डेपोत गाड्या धुण्याचं काम. काम वाईट नव्हतं, कोणी अपमान म्हणून सांगितलंही नव्हतं. पण त्या दिवशी बाबांनी जेवताना बाहेरच्या एकाही गाडीकडे कान दिला नाही. "गाडी धुण्यापरीस मी घरी बसन," एवढंच बोलले. मी बारावीत होते. मला भीती वाटली ती घर कसं चालेल याची नव्हती. बाबा घरात नुसते खुर्चीत बसून राहतील, याची होती.

वर्ध्याच्या दवाखान्यात एक डॉक्टर मॅडम होत्या, पुण्याकडच्या, वयानं तरुण. लकव्यातून उठलेल्या माणसांना सावकाश चालायला शिकवून त्यांच्या डोक्यात काय फरक पडतो हे त्या बघत होत्या. बाबांना त्यांनी विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, "मॅडम, चालाले तं मले येते. गाडी चालवाचं बोला." मॅडम हसल्या. "काका, तुम्ही चालता, पण चालताना तुम्ही तिथे नसता. डोकं आर्वीला पोचलेलं असतं. पाय उचलला की उचलला हे कळलं पाहिजे, पुढे नेला की नेला, ठेवला की ठेवला. बस." बाबांनी माझ्याकडे बघितलं, म्हणजे, हिला पगार कशाचा मिळतो. तरी ते तयार झाले, कारण तपासणीच्या समितीला पायाचा अहवाल मॅडमच देणार होत्या. डोक्याला मलम लावून तारा चिकटवल्या गेल्या, कागदावर सुया नागमोडी रेषा काढू लागल्या. समोर एक लाकडी पेटी होती, वर्ध्यातल्याच एका इलेक्ट्रिशियननं बनवलेली. तिच्यावर लाल, हिरवा, पिवळा असे दिवे. लाल लागला की पायाखालची पट्टी दाबायची, बाकीच्यांना दाबायची नाही. मी कोपऱ्यात स्टुलावर बसून होते. लाल लागायचा, आणि मग, मध्ये एक पोकळी गेल्यासारखी, बाबांचा पाय दाबला जायचा. घरी येऊन आईनं त्यांच्या केसातलं मलम रिठ्यानं धुतलं. "दिमाग सापडला का त्याईले?" तिनं विचारलं. "शोधून राह्यले," बाबा म्हणाले.

मग रोज संध्याकाळी आमच्या अंगणात ते चालणं सुरू झालं. तुळया-पत्र्याचं घर, पुढे लांबोळकं अंगण, त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. बाबा तोंडातल्या तोंडात म्हणायचे, "उचलला... पुढं नेला... ठेवला." मॅडमनी बजावलं होतं की त्या वेळी घरात आवाज नको. रेडिओ नाही, भांडी नाहीत. बाहेरून जाणारे थांबून बघायचे. बाबांच्याच गाडीवरचे कंडक्टर गजूकाका फाटकावर टेकून म्हणाले, "काय गा भाऊ, काही हरपलं का अंगणात?" बाबा न थांबता म्हणाले, "पाय हरपला बाबू. पाहून राह्यलो." विहारात भन्ते येत तेव्हा असं चालताना आम्ही त्यांना पाहिलं होतं, चंक्रमण म्हणायचे त्याला. बाबा तेव्हा त्याची थट्टाच करायचे; माणसानं पुस्तक वाचावं, संघटना करावी, हे रिकामं चालणं कशाला, असा त्यांचा बाणा. पण हळूहळू काहीतरी झालं खरं. त्यांचा राग उतरला. घास चावून खाऊ लागले. एकदा चालता चालता थांबून आईला म्हणाले, "आज जिरं उशिरा टाकलं तू फोडणीत." आई चाट पडली, कारण खरंच उशिरा टाकलं होतं. दवाखान्यातून आल्यापासून जे धुकं त्यांच्या डोळ्यांत असायचं, ते निवळत होतं. आज मला वाटतं, तिथेच सगळं उत्तर होतं, आणि मी ते बघत असून बघितलं नाही, कारण मला फक्त पाय हवा होता.

मधल्या तपासणीला आम्ही वर्ध्याला गेलो. मॅडम रेषांवर खूश होत्या, डोकं शांत झालंय, लक्ष टिकतंय म्हणाल्या. पण पेटीपाशी पाय तसाच होता, मागचा मागेच. त्यांनी लपवलं नाही. "काका, अजून वेळ आहे. पण पाय येईलच असं मी सांगू शकत नाही." परतीच्या गाडीत बाबा ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले आणि वाटभर समोरच्याचा पाय बघत राहिले. मी खिडकीशी होते. आर्वीच्या पुढे केव्हातरी माझ्या ध्यानात आलं की माझी बोटं खिडकीच्या गजावर काहीतरी वाजवताहेत. ठोका, थांबा, हलका, हलका, ठोका, ठोका... ते दिवे होते. पेटीत एक चक्री फिरायची आणि दिवे दरवेळी त्याच क्रमानं, तेवढ्याच अंतरानं, टक् असा आवाज करत लागायचे. पहिल्या वेळी ऐकलं, आज ऐकलं, आणि कानानं ते उचललं होतं. मॅडमना ते सुचलं नसेल, कारण आजारी माणूस ते पाठ करील असं त्यांना वाटलंच नसेल. आणि बाबांनी पाठ केलं नाहीच. मी केलं.

दुसऱ्या दिवशी बाबा चालून झाल्यावर पायाचा व्यायाम करायला खुर्चीवर बसले. मॅडमनी सांगितलेला, पाय सावकाश उचलून पाटावर ठेवायचा, शांतपणे. मी ओट्यावर खलबत्ता घेऊन बसले आणि मिरच्या कुटू लागले. लालच्या जागी जोरात, बाकीच्या जागी हलके. "बाबा, जोरात ठोकलं का पाय दाबा," मी म्हटलं, "मॅडमनंच सांगतलं." ते पहिलं खोटं, आणि ते इतकं सहज निघालं की मलाच आश्चर्य वाटलं. बाबांनी दाबला. उशिरा. पुन्हा कुटलं. रोज कुटलं. आमच्याकडे इतका ठेचा झाला की आई शेजारीपाजारी वाटू लागली. "ढोलकी समजते का खलबत्त्याले?" ती ओरडायची. पण बाबांचा चेहरा उजळत चालला होता. आधी ठोक्याच्या मागून येणारा पाय ठोक्याबरोबर येऊ लागला, आणि मग एक दिवस बत्ता खाली यायच्या आतच पाट दाबला गेला. "बेबी!" ते ओरडले, "पाहतलं का? पाय आला!" आईनं चुलीवरची भाकर तशीच सोडली आणि बाहेर येऊन त्यांच्या पायाला हात लावून बघितला, गरम भांड्याला लावावा तसा. बाबांना वाटलं, चालण्यानं पाय आला. त्यांना फसवायचं असं मी ठरवलं नव्हतं. पण त्या क्षणी सांगता आलं असतं, आणि मी मिरच्या गोळा करत राहिले.

शेवटच्या तपासणीला पट्टी अशी दाबली गेली की मॅडमनी पेटीची वायर तपासली. पुन्हा लावलं, पुन्हा तसंच. मग त्या कागदावर वाकल्या आणि बराच वेळ एका जागी बोट ठेवून उभ्या राहिल्या. "गंमत आहे," त्या म्हणाल्या, "दिवा लागायच्या आधीच यांचा मेंदू तयार असतो. ही रेष बघ, आधीच वर चढायला लागते." मग मान वर करून त्यांनी माझ्याकडे बघितलं. संशयानं नाही, आनंदात कोणाला तरी सामील करून घ्यावं तसं. मी पंख्याकडे बघितलं. बाबांचं डोकं खोटं बोलत नव्हतं, ते त्या रेषेत उघडपणे सांगत होतं की मला हे आधीपासून ठाऊक आहे. त्या खोलीत ती रेष वाचू शकणारी मी एकटी होते. मॅडम बाबांना म्हणाल्या, "काका, तुमच्यामुळे मला अनेकांना आशा देता येईल." बाबांनी लाजून जयभीम केला. आठवड्याभरात त्यांना स्टिअरिंग मिळालं.

पहिली फेरी आष्टीची, आणि तीही बाजाराच्या दिवशी. आईनं डब्यात भाकरी आणि त्यावर ठेचा बांधून दिला. मी म्हटलं, मी पण येते. "काऊन? बाजार कराचा हाय का?" "हो," मी म्हटलं. मी बॉनेटच्या बाजूच्या सीटवर बसले, जिथून त्यांचा पाय दिसतो. गाडी खच्चून भरली. टोपल्या, कोंबड्या, कडेवरची लेकरं. गजूकाकांनी डबल घंटी दिली. "चला भाऊ, सावकाश... उचलला, पुढं नेला!" सगळे हसले. बाबाही हसले. मी हसू शकले नाही. माझ्या मागे एक बाई लेकराला पाजत होती, तिचं कोपर माझ्या पाठीला लागत होतं, आणि दर वळणावर मला फक्त एवढंच कळत होतं की हे कोपर, हे लेकरू, ही सगळी माणसं एका खलबत्त्याच्या भरवशावर चालली आहेत. रस्त्यावर कुठला आला क्रम. पुढे काय येईल ते कोणी आधी कुटून ठेवलेलं नसतं. तोंड उघडून "थांबवा" म्हणायचं, एवढंच होतं. मी समोरची लोखंडी दांडी धरून बसले.

संत्र्याच्या बागा लागल्या तिथे बांधावरून एक सायकलवाला रस्त्यावर आला, मागे संत्र्याची पेटी, आणि गाडीसमोरच त्याचा तोल गेला. बाबांनी त्याला माझ्या आधी पाहिलं. मला ते कळलं, कारण त्यांची मान ताठ झाली. डोळ्यांनी पाहिलं, हातांनी स्टिअरिंग आवळलं, आणि पाय तिथेच होता. मग ती पोकळी. मग ब्रेक. टोपल्या पुढे सरकल्या, कोंबड्या ओरडल्या, सगळी गाडी एकमेकांवर आली. सायकलवाला सायकल टाकून उडी मारून वाचला. पेटी चाकाखाली गेली आणि संत्र्यांचा वास गाडीभर पसरला. मग मागून कोणीतरी ओरडलं, "वा रे ड्रायवर! काय ब्रेक मारला!" टाळ्या पडल्या. गजूकाका म्हणाले, "पाहा, लकव्यातून उठलेला मानूस हाय, बापा!" खाली सायकलवाला शिव्या देत होता, त्याला काही नोटा देऊन गजूकाकांनी गप्प केलं. बाबांनी गाडी पुन्हा चालू केली. थोडी पुढे नेली, आणि एका बाभळीखाली बाजूला घेऊन बंद केली.

"काऊन थांबवली भाऊ?" गजूकाका पुढे आले. मागून टोमणे सुरू झाले. "काहो, बाजार उठल्यावर नेता का?" "संत्री खाऊन राह्यले का ड्रायवरसाहेब?" बाबा खाली उतरले. गाडीच्या पुढून, सगळ्यांच्या देखत, ते चालू लागले. सावकाश. उचलला, पुढे नेला, ठेवला. कोणीतरी हसलं, मग हसणं बंद झालं. एका टोकापर्यंत जाऊन ते परत आले, चावी काढली आणि गजूकाकांच्या हातात दिली. "दुसरा ड्रायवर बोलाव. माह्या पायाले खबर उशिरा भेटून राह्यली." "अरे, पन वाचला ना थो! लोकं टाळ्या वाजवून राह्यले!" बाबा म्हणाले, "थो त्याच्या उडीनं वाचला, गजू. मी पाहून राह्यलो होतो." त्यांनी दुसऱ्या कोणाकडे बघितलं नाही. मी सीटवरच होते, दांडी धरून. सांगायची तीही वेळ होती. तीही मी घालवली.

ते गाड्या धुवायला लागले. खुर्चीत बसून राहिले नाहीत, ही माझी भीती खोटी ठरली. संध्याकाळचं चालणंही सोडलं नाही. महिन्याभरानं मॅडम घरी आल्या, गोंधळलेल्या. आईनं त्यांना पोहे केले, त्या पोहे चिवडत विचारत राहिल्या की असं कसं झालं. बाबा म्हणाले, "आला होता पाय मॅडम, खरंच आला होता. मंग माह्या भेवानं पळाला असन." मी चहाचे कप विसळत होते. मॅडमनी बाबांचा निकाल ठेवला की काढून टाकला, मला माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही, आणि पुढे शिक्षण, नोकरी, लग्न, लेकरं यांच्या आड लपता येत गेलं.

शिबिरानंतरच्या रविवारी मी तळेगावला गेले. आई जाऊन वर्ष झालं होतं. बाबा आता पार थकलेत, पण अंगणात खुर्ची टाकून चहा पीत बसले होते. मी फळीवरून खलबत्ता काढला, पदरानं पुसला आणि त्यांच्यासमोर ओट्यावर बसले. बोलून सांगता येणार नाही हे मला ठाऊक होतं. रिकामाच कुटू लागले. ठोका, थांबा, हलका, हलका, ठोका, ठोका. बाबांच्या हातातला कप थांबला. त्यांचा उजवा पाय, तो कायमचा उशीर करणारा पाय, चपलेसकट जमिनीवर दाबला जात होता, दरवेळी माझ्या बत्त्याच्या जरासा आधी. त्यांनी खाली वाकून पायाकडे बघितलं, त्या बुटाच्या सकाळी बघितलं होतं तसं. मग मी सगळं सांगितलं. पेटी, चक्री, गज, रेष.

त्यांनी कप खाली ठेवला. हायवेवरून गाड्या जात होत्या. शेवटी म्हणाले, "म्हंजे थो आलाच नव्हता कधी." "नाही बाबा." "आन् मी इतके वर्स त्याले शिव्या देल्ल्या. का आलेला पाय मी भिऊन घालवला." त्यांचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "गाडीत साठ-सत्तर लोकं होते, बेबी. तू बी होती." मी मान खाली घातली. "तुमी थांबवली म्हणून..." "मी थांबवली थे चालण्यानं थांबवली. आधीचा मी असतो तं टाळ्या ऐकल्या असत्या आन् आष्टी गाठलं असतं. पाय नाई आला. पाय नाई आला हे समजाले लागलं, एवढंच झालं." मग त्यांनी विचारलं, "थ्या मॅडमले सांगतलं का?" "नाही." "मंग? थ्या बाईनं माह्याकडं पाहून किती लोकाईले पायाची आस लावली असन. आन् जे खरं झालं थे तिच्या कागदावर आलंच नाई."

मॅडमचा नंबर मी शिबिराच्याच आठवड्यात मिळवून ठेवला होता. पुण्याला असतात, निवृत्त झाल्यात. मी फोन काढला. बाबांनी माझ्या हाताकडे बघितलं, बोट नंबरावरच अडलं होतं. "आता नोको लावू," ते म्हणाले आणि खुर्चीला धरून उठले. "आधी चालू. मंग लावजो. थो खलबत्ता खाली ठेव." मी ठेवला. ते पुढे, मी मागे, अंगणाच्या त्या लांबोळक्या पट्टीवर. उचलला. पुढे नेला. त्यांचा उजवा पाय हवेत जरा रेंगाळला, खबर यायची होती. मी मागे थांबून राहिले, तो टेकेपर्यंत.